गच्चीवरची ढोबळी मिरची
(न्यासाच्या महोत्सवानिमित्त विद्यानगर येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून थोर विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. चिटणीसांनी मला मात्र मिरचीवर बोलण्यास सांगितले, आणि ते बरेच केले. मी शाळेत विज्ञान शिकवतो. माझी मराठी परभणीकडची, घरातली बोली दखनी आणि गच्ची विद्यानगरची.

मराठीत जिला आपण ढोबळी किंवा भोपळी मिरची म्हणतो, ती येथे हैदराबादेत सिमला मिरची या नावाने विकली जाते. नावावरून ती डोंगरातली वाटते. वास्तविक साऱ्या मिरच्यांचे मूळ घर अमेरिका खंड. पोर्तुगीज दर्यावर्दींबरोबर मिरची आपल्याकडे आली. आपल्या सालनातली मिरची आणि ही ढोबळी या एकाच जातीच्या वनस्पती आहेत. भेद एवढाच की ढोबळीत तिखटपणा उत्पन्न होत नाही. हंगेरीतील सेगेद येथे सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने असल्याच मिरच्यांपासून क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळे काढले. त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

पहिल्या वर्षी माझी फजिती झाली. एका दुकानदाराने ‘कधीही लावा’ असे सांगून बी दिले. मी फेब्रुवारीत पेरले. एप्रिलमध्ये झाडे फुलांनी लहडली आणि सकाळी पाहावे तो फुले कुंडीखाली! दिवसाचा पारा ३२ अंशांपुढे गेला आणि रात्रही उबदार राहिली, की हिची फुले गळतात; आपल्याकडे तर मे महिन्यात पारा ४० ओलांडतो. थंड देशांत ऊब साठवण्यासाठी काचेची घरे बांधतात. तसले घर आपल्या गच्चीवर बांधले तर रोपे भाजून निघतील. आपल्याला हवी ती सावली. चार बांबूंवर निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी ताणली, की आपले हरितगृह झाले.

म्हणून बी ऑगस्टच्या अखेरीस पेरावे, महिना-सव्वा महिन्याने रोप कुंडीत लावावे आणि फळे थंडीत घ्यावीत. एका कुंडीत एकच झाड. कुंडी हातभर रुंद आणि तितकीच खोल. पोयट्याची माती व चांगले कुजलेले शेणखत घालावे, तळाला भोक असावे. प्रेमापोटी पाणी फार घालू नये; मुळे कुजतात. एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब असेही करू नये, कारण मग फळाच्या बुडाशी काळा डाग पडतो. फांदीच्या पहिल्या बेचक्यातले फूल खुडून टाकावे. हे काम माझ्या पत्नीला अजूनही पाप वाटते. पाने मुरडली, म्हणजे बोकड्या दिसला, की पानामागे फुलकिडे शोधावेत व निंबोळीचा अर्क फवारावा.

आता जी गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो ती सांगतो. तिसऱ्या वर्षी पीक उत्तम आले. लाल पिकलेल्या फळांतले बी मी जपून ठेवले, पुड्या बांधल्या आणि गल्लीत वाटल्या. शेजारच्या आजींना तोंड येण्याचा जुना विकार. तिखटाचा कण चालत नाही. सुनेने वेगळे अळणी करून वाढायचे आणि आजींनी निमूट जेवायचे, असे वर्षानुवर्षे चाललेले. मी म्हणालो, ‘आजी, ही मिरची खुशाल खा, माझी जबाबदारी.’ पुढच्या हंगामात त्यांच्या कुंडीला फळे धरली. जरा लांबट, पण आम्ही म्हटले, खत कमी पडले असेल. आजींनी मिरची भरून केली, पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी! दोन दिवस त्यांना दुधाखेरीज काही गिळवले नाही.

चूक माझीच होती. माझ्या ढोबळीशेजारी अम्मीची लवंगी मिरची होती. मधमाश्यांनी इकडचा पराग तिकडे नेला. त्याने त्या वर्षीचे फळ तिखट होत नाही, लोक समजतात ते खरे नाही. फळ आईचेच असते. पण आतल्या बियांत दोघांचे गुण उतरतात आणि तिखटपणा हा वरचढ गुण आहे, तो पुढच्या पिढीत उघड होतो. हे मी वर्गात फळ्यावर वाटाण्याचे उदाहरण देऊन दरवर्षी शिकवीत होतो, आणि गच्चीवर विसरलो!

बी ठेवायचेच असेल तर कळी उमलण्यापूर्वी तिच्यावर मलमलची पिशवी बांधावी, अधूनमधून फांदी हलवावी, फळ धरले की पिशवी काढून देठाला दोरा बांधावा. झाड मात्र सरळ वाणाचे हवे, ‘कॅलिफोर्निया वंडर’सारखे, संकरित वाणाचे बी ठेवून उपयोग नाही.

आजी आज पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. बाहेर व्हरांड्यात ४० रोपे ठेवली आहेत, पिशवी बांधून घेतलेल्या बियांची. आजींनी एक पसंत केले आहे, पण अट घातली आहे: पहिली मिरची मास्तरांनी त्यांच्यासमोर, कच्ची, बियांसकट खायची. मी कबूल केले आहे. बाकीची ३९ आपण सभा संपल्यावर न्यावीत.