चित्राचा अर्थ आणि चित्राचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



छायाचित्रकाराने आपल्या चित्राचा अर्थ सांगावा की सांगू नये, हा प्रश्न वरवर पाहता कलावंतांच्या बैठकीतला वाटतो. कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात त्याचे काय काम, अशी शंका कोणालाही यावी. परंतु चळवळीच्या नियतकालिकांत सतत चित्रे छापली जातात. मोर्चाची, उपोषणाची, जळालेल्या झोपड्यांची, कोरड्या विहिरीत उतरलेल्या बाईची. त्या प्रत्येक चित्राखाली कोणीतरी एक ओळ लिहितो. ती बहुधा अंक छापखान्यात जाण्याच्या घाईत लिहिली जाते. ज्याने चित्र काढले त्याला विचारलेले नसते, आणि ज्याचे चित्र आहे त्याला तर नसतेच नसते. तेव्हा हा प्रश्न कलादालनापेक्षा पक्षाच्या कचेरीत अधिक निकडीचा आहे.

यासंबंधी दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मताप्रमाणे चित्राने स्वतःच बोलले पाहिजे. त्याला शब्दांची कुबडी लागली की ते फसले. दुसऱ्या मताप्रमाणे सामान्य वाचकाला चित्र कळत नाही, म्हणून काय वाटून घ्यायचे ते त्याला सांगितले पाहिजे. पहिले मत छायाचित्रकारांना प्रिय आहे, दुसरे प्रचारकांना. आणि दोन्ही मतांत चित्रातला माणूस गैरहजर आहे. पहिल्यात छायाचित्रकार गप्प बसतो, दुसऱ्यात तो त्या माणसाच्या वतीने बोलतो. त्या माणसाला मात्र कोणी काही विचारीत नाही.

चित्र स्वतः बोलते, या समजुतीला समाजवादी विचारवंतांनी पूर्वीच उत्तर दिलेले आहे. क्रुपच्या कारखान्याचे छायाचित्र पाहून त्या संस्थेविषयी जवळजवळ काहीच कळत नाही, असे जर्मन नाटककार ब्रेख्त म्हणत असे. कारखान्याच्या भिंती दिसतात, धुराडी दिसतात. मालक आणि मजूर यांचा संबंध दिसत नाही. वाल्टर बेन्यामिनने 1931 साली छायाचित्रणाच्या इतिहासावरील आपल्या निबंधात हे मत उद्धृत केले आणि चित्राखालची ओळ हाच पुढे चित्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरणार नाही काय, असा प्रश्न केला. ब्रेख्तने पुढे वर्तमानपत्रांतली युद्धाची छायाचित्रे कापून प्रत्येकाखाली चार ओळींचे पद्य लिहिले. तो संग्रह 1955 साली प्रसिद्ध झाला. शब्दाशिवाय चित्र अपुरे, हे इतपत मान्य व्हायला हरकत नाही. खरा पेच पुढे आहे. ते शब्द कोणाचे, आणि कशाविषयीचे?

त्यासाठी गेल्या शतकातील कदाचित सर्वांत गाजलेल्या छायाचित्राकडे वळले पाहिजे. मार्च 1936 मध्ये डोरोथिया लँग अमेरिकेच्या पुनर्वसन खात्यासाठी कॅलिफोर्नियात फिरत होत्या. महिन्याभराचे काम संपवून, पावसात घराकडे परतत असताना निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी त्यांना दिसली. त्या थांबल्या नाहीत. सुमारे वीस मैल पुढे गेल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी गाडी वळवली. कडाक्याच्या थंडीने पीक गारठून गेले होते आणि मजूर कामाविना तेथेच अडकून पडले होते. एका फाटक्या तंबूत एक स्त्री मुलांना घेऊन बसलेली होती. लँग यांनी तिची मोजकी चित्रे घेतली आणि त्या निघून गेल्या. त्यांतले शेवटचे चित्र जगभर गेले: दोन मुलांनी आईच्या खांद्यांआड तोंडे लपविली आहेत, मांडीवर तान्हे मूल आहे आणि आईची नजर दूर कोठेतरी लागलेली आहे.

या चित्राने काम केले, हे आधी सांगितले पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात या चित्रांसह बातमी आली आणि सरकारने त्या तळावर अन्न धाडले. परंतु ते पोहोचेपर्यंत ते कुटुंब कामाच्या शोधात पुढे निघून गेले होते.

लँग यांनी चित्राबरोबर कोणती माहिती दिली? वाटाणा तोडणारी निराधार मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस, स्थळ निपोमो. आपण तिचे नाव विचारले नाही, तिची हकिगतही विचारली नाही, हे त्यांनी 1960 साली स्वतःच लिहिले. एरवी त्या आपल्या टिपणांबद्दल अतिशय काटेकोर होत्या. मजुरी किती, कोठून आले, कोण काय म्हणाले, हे सारे लिहून ठेवीत. नेमके या चित्राच्या वेळी ते राहिले. पुढे त्यांनी सांगितले की, त्या बाईने अन्नासाठी मोटारीचे टायर नुकतेच विकले होते. कुटुंबीयांनी ही गोष्ट नंतर साफ नाकारली.

बेचाळीस वर्षांनी, 1978 साली, ती स्त्री कॅलिफोर्नियातच सापडली. तिचे नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. तोवर प्रेक्षकांनी तिला धुळीच्या वादळांनी देशोधडीला लावलेली गोरी शेतकरीण मानले होते. वस्तुतः ती चेरोकी या मूळनिवासी जमातीची होती, आणि ती वादळे सुरू होण्यापूर्वी, विसाच्या दशकातच, कॅलिफोर्नियात आलेली होती. म्हणजे तिची कहाणी निसर्गाच्या कोपाची नव्हती. जमिनी गमावलेल्या लोकांची आणि मोठ्या बागायतदारांच्या शेतांवर हंगामापुरती राबून हाकलल्या जाणाऱ्या मजुरांची ती कहाणी होती. समाजवाद्याच्या दृष्टीने ही दुसरी कहाणी कितीतरी अधिक बोलकी आहे. परंतु नाव न विचारल्याने ती चाळीस वर्षे झाकून राहिली. बाईंनी पत्रकारांना सांगितले की, हे चित्र काढले नसते तर बरे झाले असते. त्यापासून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, आणि प्रत पाठविण्याचा शब्द दिला होता तोही पाळला गेला नाही. न्यायाने हेही नमूद केले पाहिजे की ते चित्र सरकारच्या मालकीचे होते आणि लँग यांनाही त्यावर मानधन मिळत नव्हते. 1983 मध्ये थॉम्प्सनबाई आजारी पडल्या तेव्हा मुलांनी जाहीर आवाहन केले आणि लोकांकडून हजारो डॉलर व शेकडो पत्रे आली. त्या वर्षीच त्यांचे निधन झाले. 1998 साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्या चित्राचे तिकीट काढले.

यातून कोणी असा निष्कर्ष काढील की लँग यांनी चित्राचा अर्थ सांगायला हवा होता. तसे नाही. त्यांनी अर्थ सांगितला असता तर तो चुकला असता. टायर विकल्याची गोष्ट हा एका परीने अर्थच होता. चित्राला शोभणारा, हृदय पिळवटणारा, आणि कुटुंबीयांच्या मते खोटा. हवा होता तो अर्थ नव्हे, हिशेब. हे माणूस कोण, कोठले, कोणाकडे कामाला, मजुरी किती, चित्र केव्हा आणि कोणाच्या पैशाने काढले, चित्र काढताना ते काय म्हणाले. अर्थ लावायचा तो वाचक लावील, आणि त्याने लावलेला अर्थ छायाचित्रकाराच्या मनात नसेल तरी बिघडत नाही. परंतु हिशेब वाचकाला कल्पनेने भरून काढता येत नाही. तो फक्त तेथे हजर असलेल्यालाच ठाऊक असतो.

हा भेद त्याच काळातील दोन ग्रंथांत स्वच्छ दिसतो. 1937 साली मार्गारेट बर्क-व्हाइट आणि कादंबरीकार अर्स्किन कॉल्डवेल यांचे 'यू हॅव सीन देअर फेसेस' हे दक्षिणेतील गरीब कुळांवरचे पुस्तक निघाले. त्यातील चित्रांखाली त्या माणसांच्या तोंडी घातलेली वाक्ये आहेत. ती वाक्ये लेखकांची आहेत, त्या माणसांची नव्हेत, असे पुस्तकात उघड म्हटले आहे. प्रामाणिकपणा म्हणून हे ठीक. परंतु ज्याला जमीन नाही, मत नाही, त्याच्याजवळ उरलेली एकमेव वस्तू म्हणजे त्याचा शब्द, आणि तोही हितचिंतकांनीच घेतला! दोन वर्षांनी, 1939 मध्ये, लँग आणि त्यांचे पती, अर्थशास्त्रज्ञ पॉल टेलर यांनी 'अ‍ॅन अमेरिकन एक्झोडस' प्रसिद्ध केले. त्यात चित्रांसोबत त्या माणसांनी प्रत्यक्ष उच्चारलेली वाक्ये दिली, आणि जोडीला जमिनीचे, यंत्रांचे, मजुरीचे तपशील. निपोमोला जे राहिले ते येथे पद्धत म्हणून स्वीकारलेले दिसते.

बर्क-व्हाइट यांचेच आणखी एक चित्र चळवळीतल्या अनेकांना परिचित असेल. भिंतीवर प्रचंड जाहिरात आहे. हसरे गोरे कुटुंब मोटारीतून चालले आहे आणि जगातील सर्वोच्च राहणीमान अमेरिकेचे, असे वर लिहिले आहे. खाली कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष पिशव्या आणि बादल्या घेऊन रांगेत उभे आहेत. हे चित्र बहुधा मंदीतील बेकारांची रांग म्हणून छापले जाते. ते 1937 च्या आरंभी केंटकी राज्यातील लुईव्हिल येथील आहे, आणि ती माणसे ओहायो नदीच्या पुरानंतर मदतीसाठी उभी आहेत. कार्यकर्त्याला वाटेल, एवढ्याने काय बिघडले? वर्णभेद खराच आहे, जाहिरात खरीच आहे, आणि ती कारखानदारांच्या राष्ट्रीय संघटनेने लावली होती हेही खरेच आहे. बिघडते ते असे की, विरोधक एक दिवस पुराची तारीख पुढे करतो आणि चित्रातील खऱ्या गोष्टीही त्या एका चुकीबरोबर बुडतात. शिवाय तारीख दिल्याने चित्राचे दात बोथट होत नाहीत. पुरातसुद्धा कोण रांगेत आणि कोण मोटारीत, हा प्रश्न उरतोच.

हिशेबाची ही शिस्त सर्वांत आधी पाळणारा माणूस म्हणजे लुइस हाइन. पेशाने शिक्षक. 1908 पासून तो अमेरिकेच्या राष्ट्रीय बालमजूर समितीसाठी गिरण्या, खाणी व कारखाने यांतून फिरला. आत शिरण्यासाठी कधी यंत्रांची चित्रे घेणारा, कधी पुस्तके विकणारा असे सोंग घ्यावे लागे. मुलांची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मापी आणि खिशात हात घालून गुपचूप टिपणे करी. दक्षिण कॅरोलिनातील एका सूतगिरणीत यंत्राशेजारी उभ्या असलेल्या एका मुलीच्या चित्राबरोबर त्याने लिहिले आहे ते इतकेच: नाव सेडी, उंची 48 इंच, कामाला लागून सहा महिने, गिरणीचे नाव, गाव आणि 30 नोव्हेंबर 1908 ही तारीख. 'करुण' हा शब्द नाही, 'शोषण' हाही नाही. छायाचित्र खोटे बोलत नसले तरी खोटे बोलणारे छायाचित्रे काढू शकतात, असा इशारा त्याने 1909 साली आपल्या सहकाऱ्यांना दिला होता. बालमजुरीविरुद्ध 1916 साली कायदा झाला, तो 1918 साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि टिकणारा कायदा व्हायला 1938 साल उजाडले. चित्रांनी क्रांती होत नाही. पण समिती जेव्हा गिरणीमालकांशी भांडत होती, तेव्हा तिच्या हातात 48 इंच हा आकडा होता.

भारतात याच प्रश्नाची कसोटी 1943 साली बंगालमध्ये लागली. युद्धकालीन निर्बंधांमुळे सरकार दुष्काळ हा शब्द उच्चारायला तयार नव्हते. त्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने संपादक इयान स्टीफन्स यांच्या निर्णयाने रस्त्यावर मरणाऱ्या माणसांची छायाचित्रे छापली आणि जे शब्दांनी सांगता येत नव्हते ते जगाला दिसले. चित्र एकटे पुरते, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूचा हा सर्वांत बळकट पुरावा होय, आणि तो डावलता येणार नाही. त्याच काळात तरुण सुनील जाना कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांच्यासोबत दुष्काळी भागात हिंडले. त्यांची चित्रे मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर'मध्ये जोशींच्या वृत्तान्तांसह येत. 1942 च्या लढ्यात त्या पक्षाने घेतलेली भूमिका समाजवाद्यांना कधीच पटली नाही, पटण्यासारखी नव्हतीही. परंतु त्या चित्रांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. तथापि हाडांचा सापळा झालेले शरीर पाहून तांदळाचा भाव कळत नाही. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किनाऱ्यावरच्या होड्या सरकारने काढून घेतल्या, हे कळत नाही. अमर्त्य सेन यांनी 1981 च्या ग्रंथात दाखविले की त्या वर्षी बंगालमध्ये 1941 पेक्षा कमी धान्य नव्हते. शेतमजूर, कोळी, कारागीर यांची ते विकत घेण्याची शक्ती नाहीशी झाली होती. एवढे शब्द जवळ नसतील तर ते चित्र दैवाच्या कोपाचे चित्र होते, आणि दैवावर खटला भरता येत नाही.

एक अडचण मात्र उरते. नाव छापल्याने माणसाचे नुकसान होऊ शकते. मालकाविरुद्ध बोलणाऱ्या वेठबिगाराचे नाव, गाव आणि चेहरा अंकात आला तर वाचक हळहळेल आणि मालक त्याचे घर मोडील. अशा ठिकाणी हिशेब लिहून ठेवावा, पण छापू नये. आणि छापायचे की नाही हे छायाचित्रकाराने किंवा संपादकाने नव्हे, त्या माणसाने ठरवावे. आता प्रत्येकाच्या हाती फोनमधला कॅमेरा आहे आणि चित्र घटकेत चारी दिशांना जाते, तेव्हा हे विचारायला वेळ नसतो ही सबब अधिकच ऐकू येते. लँग यांनाही वेळ नव्हता.

रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाईचे चित्र चळवळीच्या अंकात येते आणि त्याखाली 'दुष्काळाच्या झळा' असे छापले जाते. ते काढून टाकावे. त्या जागी तिच्या संमतीने तिचे नाव द्यावे, गाव द्यावे, मस्टरवर तिचे किती दिवस लागले आणि हातात किती रुपये पडले ते द्यावे, मुकादमाने मापात काही कापले असल्यास ते द्यावे, आणि ती काही बोलली असेल तर तिच्याच बोलीत द्यावे. तिच्या डोळ्यांत काय दिसते ते लिहिण्याचे कारण नाही. अंक निघाल्यावर चित्राची एक प्रत, पगाराच्या दिवशी, कोणीतरी त्या कामावर जाऊन तिच्या हातात द्यावी.