भट्टी, कोळसा आणि साम्राज्य



काही संस्कृतींनी जगावर अधिराज्य गाजविले, याचे कारण त्यांच्या वंशात किंवा बुद्धीत शोधण्याची प्रथा दीर्घकाळ होती. भिलाईच्या परिसरातील लोखंडाचा इतिहास पाहिला, की या उपपत्तीचा फोलपणा ध्यानात येतो.

छत्तीसगड व लगतच्या मैकल डोंगरांतील अगरिया लोक मातीच्या लहान भट्टीत लोणारी कोळसा जाळून, पायांनी भाते चालवून लोखंड काढीत. दक्षिण भारतातील मुशीत घडणाऱ्या पोलादाचे रहस्य उलगडण्यासाठी मायकेल फॅरडेने प्रयोग केले होते. कौशल्याची वाण येथे नव्हती.

इंग्लंडात १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने कोकवर लोखंड वितळविले. लोणारी कोळसा भाराखाली चुरतो. कोक भार पेलतो. त्यामुळे भट्टी उंच झाली आणि जंगलावर विसंबून राहिली नाही. पण चीनमध्ये अकराव्या शतकातच लोखंडासाठी दगडी कोळसा वापरात होता. म्हणजे केवळ शोध पुरेसा नव्हे. इंग्लंडात त्या शोधामागे भांडवल, जहाजे आणि राजसत्ता उभी राहिली.

१८५४ मध्ये कंपनीने नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा केले. त्यातच छत्तीसगड गेले. पुढे आगगाडीने परदेशी स्वस्त लोखंड आतल्या मुलखात आणले, आणि १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांतील कोळशावर निर्बंध घातले. अगरियांच्या भट्ट्या विझत गेल्या, त्या अज्ञानामुळे नव्हेत.

प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्ये राजहरा डोंगरातील लोहखनिजाची नोंद केली. टाटांचे संशोधकही दुर्ग भागात येऊन गेले. परंतु योग्य कोळसा व पाणी जवळ नसल्याने कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला. अखेर २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. खनिज तेच होते. दूरचा कोळसा आणणारा लोहमार्ग, तंत्र, भांडवल आणि स्वतंत्र राज्यसंस्था यांचा मेळ मात्र नवा होता.

वर्चस्व हा जन्मसिद्ध गुण नाही. ते अशा मेळाचे फळ आहे, आणि तो मेळ इतरांनाही साधता येतो. मात्र तो साधताना अगरियांची विद्या कारखान्याच्या दाराबाहेरच राहिली. विजयी तंत्राचे गुणगान करताना या हानीचीही नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे.