आधी पाणी, मग मासे
(कासू, जिल्हा रायगड येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



समुद्रातील मासे आणि प्रवाळ विद्यार्थ्यांना शाळेतच पाहावयास मिळावेत, यासाठी खाऱ्या पाण्याची एक लहान काचपेटी उभारण्याचा विचार आपण मांडला आहे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, तेव्हापासून कोकणातील कितीतरी सहली तेथे जाऊन आल्या. तेच नवल गावात आणावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. तथापि पेटी आणली, पाणी भरले, मीठ टाकले आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, असे जेथे होते तेथे थोड्याच दिवसांत मासे एकामागून एक मरतात, आणि ते मुलांच्या डोळ्यांदेखत मरतात.

प्रथम पाण्याचा विचार करू. येथून पश्चिमेस खारबंदिस्तीपलीकडे धरमतरची खाडी आहे. तेथून पाणी आणावे, असे कोणासही वाटेल. परंतु खाडीचे पाणी गढूळ असते आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणा फार उतरतो. जिताडा खाडीतून गोड्या तळ्यात आला तरी जगतो, म्हणून मासा पडेल ते पाणी सोसतो असा आपला समज असतो. प्रवाळाच्या आश्रयाने राहणारे मासे मात्र तसे नाहीत.

मग मिठागरातील मीठ गोड्या पाण्यात विरघळवावे काय? तेही नाही. मिठागरात समुद्राचे पाणी आटू लागले की चुन्याचे क्षार व जिप्सम आधी खाली बसतात, नंतर मीठ धरते, आणि मॅग्नेशियम मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहते. म्हणजे हाती येते ते मुख्यत्वे सोडियम क्लोराइड; ते पाण्यात घातल्याने पुन्हा समुद्र होत नाही. यासाठी मत्स्यालयांकरिता तयार केलेले सागरी क्षारांचे मिश्रणच वापरावे. प्रमाण लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ असावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावे. तांब्याच्या हंड्यातील पाणी आपण पिण्यास उत्तम मानतो, पण प्रवाळ, कोळंबी, शिंपले यांना तांब्याचा अंशही घातक ठरतो. ते भांडे येथे नको.

आता मुख्य गोष्ट. मासा ज्या पाण्यात खातो, त्याच पाण्यात मलमूत्र सोडतो. त्यापासून अमोनिया होतो, आणि तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे पुष्कळ सौम्य असते. नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे नसतात. वाळूवर आणि सच्छिद्र दगडांवर ते हळूहळू वाढतात, आणि त्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत मासे नसावेत. केवळ चिमूटभर खाद्य टाकावे, हवेचा पंप अखंड चालू ठेवावा आणि चाचणी-संचाने पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले म्हणजे एखादा मासा सोडावा. रिकाम्या पेटीकडे पाहून पालक हसतील, पदाधिकारी उद्घाटनाची तारीख विचारतील. शिक्षकांनी मात्र त्या काळात मुलांकडून रोजच्या चाचणीचा तक्ता भरून घ्यावा. माझ्या मते पेटीतील खरा धडा तोच आहे.

लहान पेटी सोपी, हा आणखी एक गैरसमज. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. त्यातून तीन लिटर आटले तर क्षार तेवढेच राहतात आणि ३५ चे प्रमाण जवळजवळ ३७ वर जाते. म्हणून आटलेली भर गोड्या पाण्याने करावी, खाऱ्याने नव्हे. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरील पंप जवळ असावा.

प्रवाळाविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. प्रवाळ हा प्राणी आहे; त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते. पाणी फार तापले की शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या वर्गखोलीत काय होईल, हे सांगावयास नको. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश आहे. मालवणहून आणलेला तुकडा वाळका असला तरी तो बाळगणे हा गुन्हा होय. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी २०२० मध्ये काही प्रवाळ हलवावे लागले, तेव्हा महापालिकेलाही वनविभागाची अनुमती घ्यावी लागली. विलायती म्हणून विकला जाणारा प्रवाळही त्या विभागास विचारल्यावाचून घेऊ नये. शाळेच्या पेटीत स्वच्छ धुतलेला काळा पाषाण पुरे, आणि त्यात क्लाउन मासा. त्याची बंदिस्त पैदास केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने साध्य केली आहे. विक्रेत्याकडे असा पैदाशीचाच मासा मागावा.

एक शेवटची सूचना. दर पंधरवड्याला थोडे पाणी बदलावे लागते. ते काढलेले पाणी भातखाचराकडे वळवू नये. बांध फुटून खारे झालेले शेत पुन्हा पिकू लागण्यास किती पावसाळे जातात, हे येथील शेतकऱ्यांना मी सांगण्याची गरज नाही. आणि नकोसा झालेला मासा खाडीत सोडू नये. ज्याच्याकडून घेतला त्यालाच परत द्यावा.