ससून डॉकवर एक दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘मुंबईविषयी काहीतरी सांगा’ असा कार्यकारिणीचा निरोप आला. मुंबई म्हटली की चौपाटी, राणीची बाग, महालक्ष्मीचे देऊळ या गोष्टी आपणापैकी बहुतेकींनी पाहिल्या आहेत, त्यांचे वर्णन करून आपला वेळ घेत नाही. मी आज सांगणार आहे ती एका धक्क्याची हकीकत. कुलाब्याच्या ससून डॉकवर गेल्या पौषात मी पहाटेपासून दुपारपर्यंत होते. आपणापैकी कित्येकींच्या घरी मासळी शिजत नाही, माझ्याही घरी नाही. तरीसुद्धा ही जागा बायकांनी पाहण्यासारखी आहे असे माझे मत झाले. ते का, हे चार शब्दांत सांगते.

प्रथम या धक्क्याचे आणि आपल्या गावाचे नाते सांगितले पाहिजे. सोलापुरापासून मुंबईचा समुद्र सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर. आपले पाणी म्हणजे भीमा, उजनीचे धरण आणि सिद्धेश्वराचा तलाव. पण कापसाच्या धाग्याने आपण त्या समुद्राशी केव्हाच बांधले गेलो आहोत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईतल्या ज्या पेढ्या या व्यापाराने वाढल्या त्यांत बगदादहून येऊन स्थायिक झालेल्या डेव्हिड ससून यांच्या घराण्याची पेढी होती. त्यांचे चिरंजीव आल्बर्ट ससून यांनी कुलाब्यास समुद्रात भर घालून १८७५ साली ही गोदी बांधली. ओहोटी लागली तरी आतले पाणी कोंडून राहावे आणि जहाज तरंगते राहावे, अशी पश्चिम हिंदुस्थानातली ही पहिली गोदी. आणि आपली जुनी गिरणी सुरू झाली ती १८७७ साली. तिकडे गोदी आणि इकडे गिरणी, दोन वर्षांच्या अंतराने, एकाच कापसाच्या जोरावर उभ्या राहिल्या. आज जुनी गिरणी बंद पडली आहे आणि ससून डॉकवर कापसाच्या गाठी दिसत नाहीत. तिथे आता मासळी उतरते.

माझ्या मावसबहिणीचे घर कुलाब्यास आहे. तिच्या शेजारच्या कोळीणमावशी रोज पहाटे डॉकवर माल घ्यावयास जातात. त्या म्हणाल्या, “बाय, बघायचंच असेल तर अंधारात ऊठ. ऊन वर आल्यावर तिथं नुसती टोपली धुताना दिसतील.” तेव्हा पाचाच्या आधीच आम्ही निघालो. दगडी कमानीतून आत शिरलो की पायाखाली पाणी आणि बर्फाचा चुरा. वास उग्र असतो, पण पाव तासात नाक सरावते. समोर नौका एकीला एक चिकटून उभ्या. कित्येक दिवस समुद्रावर काढून आलेले खलाशी तळातल्या बर्फातून मासळी काढून भराभर वर फेकतात आणि धक्क्यावरचे गडी ती झेलतात. पापलेट, सुरमई, बांगडा, बोंबील, मांदेली, कोळंबी, प्रत्येकाचा ढीग निराळा. हातगाडीवाले ‘बाजू, बाजू’ असे ओरडत अंगावरून जातात, आणि बाजूला झाले नाही तर दोष आपलाच!

या गर्दीत मला तीन प्रकारच्या बायका दिसल्या. त्या तीन पायऱ्या म्हटल्या तरी चालेल.

पहिल्या, माझ्या कोळीणमावशींसारख्या. लिलावाच्या कोंडाळ्यात त्या पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. मासळीचे कल्ले उघडून पाहतात, पोटावर बोट दाबून ताजेपणा ठरवितात आणि बोली वाढली की एका शब्दात ‘नको’ म्हणून पाठ फिरवितात. कोळी समाजात नाखवा समुद्रावर जातो आणि विक्रीचा व पैशाचा व्यवहार पुष्कळ अंशी बायको सांभाळते. कनवटीची पिशवी तिची, तराजूही तिचा. मावशींनी तीन ठिकाणी भाव विचारून चौथ्या ठिकाणी माल घेतला. त्यांचे बोलणे आपल्याला भांडणासारखे वाटेल, पण ते भांडण नव्हे. तो हिशेब असतो.

दुसऱ्या, टोपली वाहणाऱ्या. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पाणी गळणारी टोपली. नौकेपासून टेम्पोपर्यंत किती खेपा झाल्या यावर त्यांची मजुरी. खेप मोजता येते, म्हणून यांचा हिशेब यांच्या ध्यानात राहतो.

तिसऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या. त्या आडोशाला ओळीने जमिनीवर बसलेल्या असतात. पुढे कोळंबीचा ढीग, शेजारी बर्फाचे पाणी. डोके मोडायचे, कवच सोलायचे, पाठीतला काळा दोरा ओढून काढायचा आणि सोललेली कोळंबी भांड्यात टाकायची. हे सारे इतक्या वेगाने चालते की डोळा ठरत नाही. कवचाचे काटे बोटांत शिरतात आणि गार पाण्याने कातडी सुरकुतते. मजुरी मिळते ती सोललेल्या मालाच्या वजनावर.

त्यांच्यात बंजारा समाजाच्या काही बाया होत्या. मी सोलापूरची आहे असे कळताच एकीने मान वर केली. “अक्का, मी अक्कलकोटाकडच्या तांड्यावरची,” ती म्हणाली. पाऊस नाही, रान नाही, म्हणून नवऱ्याबरोबर इकडे आली आणि इथेच राहिली. मी विचारले, “दिवसाचं किती सुटतं?” ती हसली. म्हणाली, “ते मुकादमाच्या काट्याला ठाऊक. मी भांडं भरून देते, तो आकडा सांगतो.” “लिहून ठेवत नाहीस?” “हात ओले असतात, अक्का. आन् लिहायला येतंय कुणाला?”

भगिनींनो, हे वाक्य ऐकल्यावर मला आपले पूर्वभागातले ओटे आठवले. मांडीवर सूप घेऊन पानात तंबाखू भरणाऱ्या आपल्या विडी कामगार भगिनीही नगावरच मजुरी घेतात, आणि ‘ही विडी बरोबर नाही’ म्हणून विड्या बाजूला काढणे हा जुना रिवाज. पण त्या एकट्या राहिल्या नाहीत. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला, ओळखपत्रे मिळाली. कुंभारीस कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. हे आपल्या सोलापुरात घडले आहे. ते आपोआप झाले नाही. बायका मोर्च्यात चालल्या, सभेला बसल्या, आणि आपले काम कागदावर मोजले जावे असा त्यांनी आग्रह धरला. डॉकवरच्या त्या बाईच्या हाती असा एकही कागद नव्हता.

शिवाय तिचे काम बारमाही नाही. पावसाळ्यात मासळीची वीण होते म्हणून १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा नियम योग्यच आहे, अंडी घालणारा मासा मारला तर पुढे समुद्रात राहील काय? पण त्या दोन महिन्यांत नौका ओढून ठेवल्या की सोलणारीचे भांडेही पालथे पडते. कोळीणमावशींना सुक्या बोंबलाचा आणि साठवलेल्या पैशाचा आधार असतो. हिला कशाचा? नारळी पौर्णिमेला आपण नारळीभात करतो, त्या दिवशी कोळी लोक समुद्राला नारळ अर्पण करतात. हा सण कोणाच्या घरी चूल पुन्हा नीट पेटण्याचा असतो, हे मला तिथे बसून समजले.

२०१७ साली या डॉकवर मोठे कलाप्रदर्शन भरले होते. जुन्या गोदामांच्या भिंती रंगविल्या होत्या आणि तिथल्या माणसांची भलीमोठी छायाचित्रे लावली होती. चांगलेच झाले. परंतु चित्र भिंतीवर चढले म्हणून हिशेब हाती येत नाही.

अकराच्या सुमारास धक्का ओसरला. मावशींनी टोपली उचलली, मला म्हणाल्या, “बघितलंस? वजन ज्याच्या हाती, पैसा त्याच्या हाती.” आमच्या कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाने हे इतके थोडक्यात सांगितले नसेल.

आता आपल्या घरचे बोलते. आपल्या मंडळाच्या गृहउद्योगात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होते. भाकरी नगावर आणि चटणी किलोवर, म्हणजे आपलीही मजुरी मोजणीचीच. वजन करणारी एक, वहीत लिहिणारी तीच, आणि काम करणारी ओट्यावर बसलेली. कोणाच्या मनात खोट आहे असे मी म्हणत नाही, मुळीच नाही. पण चांगल्या मनावर चालणारा हिशेब माणूस बदलले की बिघडतो. म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. काटा सर्वांना दिसेल असा मधोमध ठेवावा. प्रत्येकीला तिची छोटी वही द्यावी आणि आकडा तिच्यासमोर तिच्या वहीत लिहावा. आणि ज्या भगिनींना अंक वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन दिवस दुपारी एक तास वर्ग घ्यावा. तो घेण्यास मी तयार आहे.

अक्कलकोटाकडच्या त्या बाईसाठी आज आपण येथून फार काही करू शकू असे नाही. पण सोलापूर जिल्ह्यातल्या एका तरी ओट्यावर ‘ते काट्याला ठाऊक’ असे म्हणण्याची पाळी कोणावर येऊ नये, एवढे आपल्या हातचे आहे. पुढील कार्यकारिणीच्या सभेत हा विषय घ्यावा अशी अध्यक्षबाईंना विनंती करते.