अडकलेले रिटेन्शन आणि आपला हक्क

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या सभेनंतर चहाच्या वेळी एका सभासदांनी आम्हाला विचारले, "दोन वर्षांपूर्वी काम संपवून दिले, रिटेन्शन अजून अडकले आहे. अमेरिकेतला भाचा म्हणतो, मामा, इमारतीवर लीन टाका. टाकता येतो का?" आम्ही तेव्हा बघून सांगतो म्हणालो होतो. आज सांगतो, टाकता येत नाही.

आपल्या जुन्या घरांना गुत्तेदारी नवी नाही. फरक इतकाच की आज आपली मुले माधापूर-कोकापेटच्या टॉवरांत वायरिंग, प्लंबिंग, अ‍ॅल्युमिनियमची कामे घेतात ती मालकाकडून नव्हे, मोठ्या कंपनीच्या हाताखाली. दर बिलातून पाच-दहा टक्के कापायचे आणि काम संपल्यावर वर्षभरात दोष निघाला नाही तर परत द्यायचे, असा करार असतो. पोटगुत्तेदाराचा नफा बहुधा तेवढाच. मजुरी, माल, कर सगळे भागवून जे उरायचे तेच दुसऱ्याच्या खिशात राहते.

भाच्याचे म्हणणे तिकडे खरे आहे. वॉशिंग्टन शहर उभारायला कारागीर यावेत म्हणून मेरीलँड राज्याने १७९१ साली कायदा केला, की ज्याची मजुरी थकली त्याचा बोजा त्या इमारतीवरच चढेल. आपल्याकडे असा कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७० सांगते, की दुसऱ्याच्या वस्तूवर मेहनत केली असेल तर मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम ४७ न विकलेल्या नव्हे, विकूनही पैसे न मिळालेल्या मालाबद्दल तेच म्हणते. पण दोन्हींत वस्तू आपल्या ताब्यात हवी. ग्रिल वर्कशॉपमध्ये आहे तोवर हक्क आहे. ती भिंतीत बसली की हक्क संपला. रात्री जाऊन फिटिंग काढून आणण्याचे किंवा साइटला कुलूप घालण्याचे उद्योग कृपा करून करू नका. पैसे राहतील बाजूला, फौजदारी मागे लागेल.

"मग मालकालाच पकडू," असे कुणी म्हणेल. मालकाशी आपला करार नसतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये इरकॉनच्या प्रकरणात हेच कारण देऊन पोटगुत्तेदाराचा मूळ काम देणाऱ्यावरचा दावा मान्य केला नाही. म्हणून थेट मालकाकडून पैसे मिळण्याचे कलम हवे असेल तर ते सही करण्याआधी, तिघांच्या सहीने घालून घ्यावे लागते. रोख कापण्याऐवजी बँक गॅरंटी घ्या, हेही तेव्हाच म्हणता येते. काम संपल्यावर आपले कोण ऐकतो?

दिवाळखोरी कायद्याची धमकी देण्याची आता फॅशन झाली आहे. त्याचे उदाहरण आपल्या शहरातलेच आहे. तामिळनाडूतल्या एका महामार्गाच्या कामात काम करणारी कंपनी जानेवारी २०१७ मध्ये लवादात जिंकली, १ कोटी ७१ लाखांहून अधिक रकमेचा निवाडा झाला. हैदराबादच्या कंपनी न्यायाधिकरणाने तिचा अर्ज दाखलही करून घेतला. पण १४ ऑगस्ट २०१८ रोजी, के. किशन विरुद्ध विजय निर्माण या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. निवाड्याला कोर्टात आव्हान आहे तोवर वाद जिवंत आहे, असे कारण दिले. शिवाय मार्च २०२० पासून या अर्जाला किमान १ कोटीचे येणे लागते. आपल्यातल्या किती जणांचे तेवढे आहे?

सूक्ष्म-लघु उद्योगांचा २००६ चा कायदा मात्र आपल्या मापाचा आहे. ४५ दिवसांच्या वर उधारी ठेवता येत नाही, थकबाकीवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि निवाड्याला आव्हान द्यायचे तर देणेकऱ्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. दोन खाचा आहेत. उद्यम नोंदणी करारावर सही करण्याआधीच झालेली असावी. नंतरची चालते की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला. आणि माल व मजुरी एकत्र असलेला गुत्ता या कायद्यात बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ आणि २०२१ मध्ये म्हटले आहे. तो निर्णय तेलंगणावर बंधनकारक नसला तरी समोरचा वकील तो पुढे करणारच. तेव्हा मालाचे आणि मजुरीचे बिल कसे करायचे हे आधीच वकिलाला विचारा.

मुदतीचे तर आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. दावा तीन वर्षांत लावावा लागतो. "देतो, देतो" असे फोनवर ऐकत तीन वर्षे घालवलेले लोक या सभागृहातच बसले आहेत. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याच्या सहीचे 'इतके देणे आहे' असे पत्र मिळाले, तर तीन वर्षे नव्याने सुरू होतात. मोजणी पुस्तकाची सहीची प्रत, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि दोषदायित्वाची मुदत कोणत्या तारखेला संपते याचे पत्र हे तीन कागद घरात हवेत. कंपनी मालमत्ता विकून पसार होते आहे असा पुरावा असेल, तर लवादाआधीच कोर्टाकडून रक्कम सुरक्षित करण्याचा आदेश मागता येतो.

आता राजकारणाचे. न्यूझीलंडमध्ये २०१३ साली मेनझील ही मोठी बांधकाम कंपनी बुडाली आणि पोटगुत्तेदारांचे रिटेन्शनही बुडाले. २०१७ पासून तिथे हा पैसा विश्वस्त म्हणून सांभाळावा लागतो. आपल्याकडेही घर घेणाऱ्यांसाठी २०१६ च्या रेरा कायद्याने ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला लावली. त्या घरात वायर ओढणाऱ्याच्या पाच टक्क्यांना वेगळे खाते का नाही? करार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे तेलंगण विधानसभेलाही यावर कायदा करता येतो. मते मागायला जे आपल्या गल्लीत येतील त्यांना, कुठल्याही पक्षाचे असोत, आम्ही हा एकच प्रश्न लेखी विचारणार आहोत.

त्या निवेदनाला आकडे हवेत. ज्यांचे रिटेन्शन अडकले आहे त्यांनी पुढच्या सभेला कराराची झेरॉक्स, शेवटचे बिल आणि काम संपल्याची तारीख घेऊन यावे. नावे आम्ही कुणालाही सांगणार नाही.