मूळव्याधच असेल, असं समजू नका

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला "आरोग्यावर काहीतरी बोल" असं सांगितलं. मी पोटाचा सर्जन, त्यामुळे माझा विषय जेवणाआधीच उरकलेला बरा! शाळेत भर वर्गात दोन बोटं वर करून परवानगी मागणारे आपण, आज पंचावन्नाव्या वर्षी डॉक्टरांसमोरही शौचाबद्दल बोलायला लाजतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर उशिरा कळण्याचं एक मोठं कारण ही लाज आहे.

शौचातून रक्त पडलं की घरच्या घरी निदान होतं : मूळव्याध. मग इसबगोल, ताक, कुणीतरी सांगितलेलं चूर्ण. बहुतेकांची ती मूळव्याधच असते, हे खरं. पण ते तपासून ठरवायचं, अंदाजाने नव्हे. माझ्याकडे आलेले एक निवृत्त शिक्षक आठ महिने मूळव्याधीचं औषध घेत होते. बोटाने तपासताच गुदाशयातली गाठ हाताला लागली. दोन मिनिटांचं काम. ऑपरेशन झालं, आज ते बरे आहेत. पण आधी आले असते तर कदाचित केमोथेरपीचा त्रास वाचला असता.

रक्ताशिवाय आणखी काय पाहायचं? वर्षानुवर्षांची सवय बदलून तीन-चार आठवडे बद्धकोष्ठ किंवा जुलाब राहणं, जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखं वाटणं, वारंवार पोटात मुरडा येणं, काही न करता वजन उतरणं.

एक लक्षण मात्र फसवं आहे. आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ असेल तर रक्त थोडं थोडं जातं आणि डोळ्यांना दिसत नाही. माणूस नुसता थकतो, जिना चढताना धाप लागते. तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. मैत्रिणींनो, पाळी थांबल्यावरही लोह कमी होत असेल, तर "बायकांना असतंच" म्हणून अंगावर काढू नका. पुरुषांनाही हेच लागू. लोहाच्या गोळ्या जरूर घ्या, पण रक्त जातंय कुठे, तेही शोधायला सांगा.

या आजारात एक दिलासा आहे. बहुतेक वेळा आधी आतड्याच्या आत पॉलिप म्हणजे लहानसा कोंब येतो. त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, तो दिसतो आणि बहुधा तेव्हाच काढता येतो. कॅन्सर होण्याआधीच थांबवण्याची अशी संधी फार थोड्या अवयवांत मिळते.

हा फक्त म्हातारपणाचा आजारही नाही. 'ब्लॅक पँथर'चा नायक चॅडविक बोसमन २०२० साली, वयाच्या ४३व्या वर्षी याच आजाराने गेला. अमेरिकेत २०२१ मध्ये, त्रास नसतानाही करायच्या तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं गेलं. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर ४०व्या वर्षी, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा डॉक्टरांना भेटा. मुलांनाही हे सांगून ठेवा.

आज कुणाला काही विचारायचं असेल तर खुशाल मला बाजूला घ्या. वर्गमित्रांना फी नाही, आणि बोललेलं माझ्यापाशीच राहील.