जपान, नायजर आणि वयाचा मनोरा

एखाद्या देशातली माणसं वयानुसार थरांवर उभी केली, सर्वांत लहान मुलं तळाशी, तर पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरचा मनोरा पायाशी रुंद आणि वर निमुळता दिसेल. तिथली जवळपास निम्मी लोकसंख्या पंधरा वर्षांखालची आहे. जपानचा मनोरा मात्र तळाशी अरुंद. तिथे दहांपैकी जवळपास तीन माणसं पासष्टीच्या पुढची.

जपान कायम असा नव्हता. १९४७ मध्ये तिथे एका स्त्रीमागे सरासरी साडेचार मुलं होती. दहा वर्षांत हा आकडा दोनच्या आसपास आला. तरीही लोकसंख्या २००८ च्या सुमारापर्यंत वाढतच राहिली. आधी जन्मलेल्या मुली मोठ्या होऊन आई होत होत्या, आयुर्मानही वाढत होतं.

नायजरमध्ये उद्याच्या आया आजच जन्मलेल्या आहेत. जन्मदर झपाट्याने उतरला तरी वाढ कित्येक दशकं चालूच राहील. म्हणूनच तिथल्या मुलींच्या शाळा, लसीकरण, सुरक्षित बाळंतपण यांवरचा खर्च लांबणीवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. जपानमध्ये मात्र पेन्शन आणि वृद्धांच्या शुश्रूषेचा भार उचलायला कमावते हात कमी पडताहेत. परदेशी कामगारांसाठी दार हळूहळू उघडावं लागतंय.